राणीछाप रुपया आणि चांदीचा भाव

लक्ष्मीपूजनाच्या तबकात आजही अनेक घरी मांडला जाणारा राणीछाप रुपया वजनाने एक तोळा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा असतो; परंतु त्याच्याच शेजारी ठेवलेला, तितक्याच वजनाचा 1940 ते 1945 या काळातला राजाछाप रुपया निम्माच चांदीचा असतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. चांदीच्या भावाविषयीचे आपले समजही असेच कस न लावता जपलेले आहेत.

गैरसमज : सोने चढले की चांदी चढतेच.
वस्तुस्थिती : सोने मुख्यतः दागिन्यांत आणि तिजोऱ्यांत विसावते, चांदीच्या मागणीचा निम्म्याहून अधिक हिस्सा मात्र कारखाने उचलतात, कारण विद्युत्वहनात तिच्या तोडीचा दुसरा धातू नाही, आणि सौरपट्टीवरील केसासारख्या बारीक रेषाही तिच्याच लेपाने उमटविलेल्या असतात. साहजिकच उद्योगधंदे मंदावले की सोने स्थिर असतानाही चांदी खचू शकते.

गैरसमज : भाव वाढला की खाणी उत्पादन वाढवतील.
वस्तुस्थिती : जगातील बहुतांश चांदी शिसे, जस्त, तांबे वा सोने यांच्या खनिजांतून जोडउत्पादन म्हणून निघते. भारतातील चांदीही मुख्यतः राजस्थानातील जस्त-शिशाच्या खाणींतूनच येते. तेव्हा खोदाईचे प्रमाण ठरते ते प्रामुख्याने या मुख्य धातूंच्या मागणीवर.

गैरसमज : भाव सराफ ठरवतो.
वस्तुस्थिती : मूळ भाव लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारांत, 31.1 ग्रॅमच्या औंसास डॉलरांत निघतो. त्यावर रुपयाचा विनिमयदर आणि आयातीवरील सरकारी जकात यांचा परिणाम होतो. जुलै 2024 मध्ये ही जकात 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आली, तेव्हा देशातील भाव लागलीच उतरले.

गैरसमज : चांदीत पैसा बुडत नाही.
वस्तुस्थिती : टेक्ससच्या हंट बंधूंनी कर्जाच्या बळावर प्रचंड साठा केला, तेव्हा जानेवारी 1980 मध्ये औंसाचा भाव 50 डॉलरांच्या घरात गेला, पण उधारीच्या खरेदीवर निर्बंध आल्यानंतर 27 मार्च रोजी तो 11 डॉलरांखाली कोसळला, आणि ते शिखर पुन्हा दृष्टिपथात यायला 2011 साल उजाडावे लागले.

गैरसमज : पैंजण घेणे हीही गुंतवणूकच.
वस्तुस्थिती : हुपरीच्या कारागिराने जीव ओतून घडविलेल्या पैंजणाची मजुरी रास्तच असते, परंतु मोडीच्या वेळी ती मजुरी आणि भरलेला कर परत मिळत नाहीत, शिवाय डागाची घट वजा होते. म्हणून पैंजण लेकीच्या पायांसाठी घ्यावेत. संचय करायचा तर चोख चांदीचा, आणि तोही अडीअडचणीस न लागणाऱ्या पैशांतूनच करावा, कारण एकतीस वर्षे वाट पाहण्याची ऐपत प्रत्येक संसाराला नसते.