लाल रंगाचा हातपंप

१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे चोवीस परगण्यातल्या खेड्यांतून काही रुग्ण येऊ लागले. त्यांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी जाड, खरखरीत झालेली होती. छातीपाठीवर काळसर डाग आणि त्यांत मधूनमधून फिकट ठिपके होते, धुळीच्या रस्त्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे. वैद्यकाच्या पुस्तकात हे चित्र फार जुने आहे. आर्सेनिकची, म्हणजे आपल्या जुन्या सोमलाची, दीर्घकाळ चाललेली विषबाधा अशीच दिसते. पण हे शेतकरी, शेतमजूर आणि त्यांच्या घरच्या बायका होत्या. यांना सोमल देणार कोण? शोध घेता घेता उत्तर सापडले ते अंगणातल्या ट्यूबवेलच्या पाण्यात.

सोमलाला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाण्यात ते अत्यल्प असले तर पिणाऱ्याला वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. पुढे त्वचा बदलते. काहींना त्वचेचा, मूत्राशयाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग होतो, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅमवर आणली. बांगलादेशात आजही ती ५० मायक्रोग्रॅम आहे. त्याच १९९३ साली बांगलादेशातल्या चापाई नवाबगंज जिल्ह्यातील ट्यूबवेलमध्ये आर्सेनिक असल्याचे स्पष्ट झाले आणि सीमेच्या अलीकडचा प्रश्न पलीकडे कितीतरी मोठा असल्याचे दिसू लागले.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की हे ट्यूबवेल लोकांच्या भल्यासाठीच आले होते. बंगालच्या खेड्यांत पूर्वी तळ्याचे, डबक्याचे पाणी प्यायले जाई आणि जुलाब, कॉलरा यांनी लहान मुले दगावत. १९७० च्या दशकात युनिसेफ आणि बांगलादेश सरकारने उथळ ट्यूबवेलचा प्रसार सुरू केला. पाईप स्वस्त, जमीन मऊ, पाणी जवळ. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने लाखो ट्यूबवेल घेतले. जमिनीखालचे पाणी जंतूंपासून सुरक्षित असते, हे खरेच होते. पण त्या काळच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक बघितले जात नव्हते.

गाळाची रसायने

मग हे आर्सेनिक आले कुठून? सुरुवातीला कारखान्यांवर, कीटकनाशकांवर संशय घेतला गेला. उत्तर भूगर्भशास्त्रज्ञांनी दिले. हिमालयाचे खडक झिजतात आणि गंगा, ब्रह्मपुत्रा तो गाळ बंगालच्या सखल प्रदेशात आणून टाकतात. गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजासारखा एक पातळ लेप असतो आणि त्या लेपाला अल्प प्रमाणात आर्सेनिक चिकटलेले असते. कोरड्या, हवेशीर जागी ते तसेच चिकटून राहते. पण गेल्या सुमारे दहा-बारा हजार वर्षांत साचलेल्या गाळात कुजणारे सेंद्रिय पदार्थही गाडले गेले आहेत. ते खाणारे सूक्ष्मजीव तिथला ऑक्सिजन संपवतात आणि मग लोहाच्या लेपावर गुजराण करू लागतात. लेप विरघळतो आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात उतरते. १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ही मांडणी प्रसिद्ध झाली. म्हणजे हे विष कोणी ओतलेले नव्हते. ते जमिनीतच होते आणि माणसाचा पाईप नेमका त्या थरात पोहोचला होता.

याच मांडणीत उपायही दडलेला आहे. साधारण दीडशे मीटरच्या खाली जुन्या काळातली तपकिरी, तांबूस वाळू लागते. तिथे लोहाचा लेप अजून शाबूत असतो, त्यामुळे पाण्यात आर्सेनिक सहसा कमी असते. करड्या वाळूतल्या पाण्यात धोका जास्त. बोअर खणणारे तिथले कारागीर वाळूच्या रंगावरून हा फरक ओळखतात आणि संशोधकांनीही त्यांच्या या ज्ञानाचा उपयोग केला आहे. मात्र उथळ थरात सगळा खेळ काही पावलांचा असतो. एका अंगणातल्या पंपात भरपूर आर्सेनिक आणि शेजारच्या अंगणात जवळजवळ नाही, हे तिथे नित्याचे आहे. त्यामुळे ‘आमच्या गावचे पाणी कसे आहे?’ या प्रश्नाला उत्तर नसते. प्रत्येक पंप वेगळा तपासावा लागतो.

ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्था आणि बांगलादेशचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते यांनी देशभरातल्या सुमारे साडेतीन हजार विहिरी तपासून २००१ मध्ये अहवाल दिला. उथळ ट्यूबवेलपैकी २७ टक्क्यांत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक होते. सुमारे साडेतीन कोटी लोक ते पाणी पीत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. पुढे आराईहाजार भागातील जवळपास बारा हजार प्रौढांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्या गटातील दर पाच मृत्यूंपैकी साधारण एक मृत्यू दहा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक असलेल्या पाण्याशी जोडता येत होता.

रंग लावल्यावर काय झाले

उपाय म्हणून फार मोठी मोहीम निघाली. १९९९ ते २००६ या काळात सुमारे ५० लाख ट्यूबवेल तपासले गेले. ५० मायक्रोग्रॅमच्या आतल्या पंपाला हिरवा रंग, वरच्याला लाल. लाल पंपाचे पाणी पिऊ नका, एवढाच निरोप. अशा सुमारे १४ लाख पंपांना लाल रंग लागला.

इथून पुढचा भाग अर्थशास्त्रज्ञांनी तपासला आणि आम्हा डॉक्टर मंडळींना तो वाचायलाच हवा. ‘खेड्यातली माणसे कितीही सांगा, ऐकत नाहीत’ हे वाक्य दवाखान्यात सर्रास ऐकू येते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ते खोटे ठरवले. आपल्याच पंपाचे पाणी धोकादायक आहे असे कळल्यावर कुटुंबाने वर्षभरात दुसरा पंप गाठण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या अंकांनी वाढली. पाणी बदलणाऱ्या घरांचा पाणी आणण्याचा वेळ मात्र पंधरापट झाला. अंगणातला पंप सोडून दुसऱ्याच्या दारी हंडा घेऊन जायचे, हे काम बहुधा बाईच्या आणि मुलींच्या वाट्याला येते. तरी लोक गेले. माहिती नेमकी असेल तर माणसे ऐकतात, त्याची किंमतही मोजतात.

आणि मग एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष आला. एरिका फील्ड, रेचेल ग्लेनर्स्टर आणि रेश्मान हुसम या अर्थशास्त्रज्ञांनी एकाच गावातल्या दोन प्रकारच्या घरांची तुलना केली. एक, ज्यांच्या जमिनीखाली आर्सेनिक निघाले आणि ज्यांना पंप सोडायला सांगितले गेले. दुसरी, ज्यांच्याकडे ते नव्हते. आर्सेनिकची वाच्यता होण्याआधी दोन्ही घरांतील बालमृत्यूंचे प्रमाण सारखेच होते. २००० नंतर मात्र पहिल्या प्रकारच्या घरांत ते २७ टक्क्यांनी जास्त आढळले. २०११ मध्ये त्यांनी हे मांडले. त्यांचे स्पष्टीकरण असे, की अंगणातला पंप सुटल्यावर काही घरे पुन्हा तळ्याकडे वळली आणि काही दूरच्या पंपाकडे. दूरचे पाणी घरात साठवून ठेवावे लागते. त्यात हात बुडतात, पेला बुडतो, जंतू शिरतात. ज्या जुलाबापासून मुलांना वाचवायला ट्यूबवेल आले, तेच जुलाब दुसऱ्या वाटेने परत आले.

याचा अर्थ लाल रंग लावणे चूक होते असा कोणी काढू नये. आर्सेनिकचे पाणी चालू ठेवणे हा पर्याय नव्हताच. पण वीस वर्षांनी होणारा कर्करोग आणि या पावसाळ्यात होणारे जुलाब या दोन्ही धोक्यांचा हिशेब एकाच वेळी मांडायला हवा होता, एवढे यातून नक्की दिसते.

याच गोष्टीची दुसरी, दिलासा देणारी बाजूही अर्थशास्त्रज्ञांनीच दाखवली. केस्किन, शास्त्री आणि विलिस यांच्या २०१७ च्या अभ्यासात आर्सेनिकग्रस्त भागातल्या आया बाळाला जास्त काळ अंगावर पाजू लागल्याचे दिसले आणि त्या तान्ह्या बाळांमध्ये जुलाबही कमी आढळले. इथे वैद्यकाचा एक दुवा जुळतो. मतलब भागातील बायकांच्या तपासणीत २००८ मध्येच दिसले होते, की आईच्या शरीरात आर्सेनिक बरेच असले तरी दुधात ते फारच थोडे उतरते. म्हणजे बाळासाठी सर्वांत सुरक्षित पाणी आईच्या दुधातलेच होते.

एकाच घरात वेगवेगळे आजार

डॉ. साहांसारख्या डॉक्टरांना आणखी एक कोडे पडत असणार. एकाच पंपाचे पाणी पिणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्या हातावर गाठी आणि दुसरा धडधाकट, असे का?

आर्सेनिक शरीरात गेल्यावर यकृत त्याला मिथाइल नावाचे रासायनिक गट जोडते. पहिला जोडल्यावर तयार होणारे रूप बरेच त्रासदायक असते. दुसरा जोडला की ते लघवीवाटे लवकर बाहेर पडते. हे काम करणाऱ्या प्रथिनाची कृती आपल्या दहाव्या गुणसूत्रावरच्या ‘एएस३एमटी’ या जीनमध्ये लिहिलेली असते. २०१२ मध्ये बांगलादेशातल्या हजारो लोकांच्या तपासणीतून दिसले, की या जीनच्या परिसरातील फरकांमुळे काहींचे शरीर आर्सेनिक नीट निकामी करते, तर काहींचे नाही. आणि ज्यांचे करत नाही त्यांना त्वचेचे विकार जास्त होतात.

अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतातील सॅन अँटोनियो दे लोस कोब्रेस या गावी पिढ्यान्‌पिढ्या आर्सेनिकचे पाणी प्यायले जाते. तिथल्या लोकांमध्ये याच जीनची संरक्षक रूपे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे २०१५ मध्ये दाखवले गेले. पण निसर्गाची ही निवड हजारो वर्षांत, अनेक अकाली मृत्यूंच्या मोबदल्यात झाली. ती बंगालच्या कामाची नाही. त्यापेक्षा उपयोगाची गोष्ट साधी आहे. मिथाइल जोडायला शरीराला फोलेट हे जीवनसत्त्व लागते. बांगलादेशात फोलेटची कमतरता असलेल्या प्रौढांना बारा आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड दिल्यावर रक्तातील आर्सेनिक सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास घटले. हा चांगल्या पाण्याला पर्याय नाही, पण पोटभर, पालेभाजीसह जेवणाऱ्याचे शरीर विषाशी थोडे बरे झुंजते, एवढे त्यातून कळते.

या साऱ्या धाग्यांची गाठ एका अभ्यासात पडते. अर्थशास्त्रज्ञ मार्क पिट, मार्क रोझेनझ्वाइग आणि नजमुल हसन यांनी आर्सेनिक बाहेर टाकण्याची क्षमता वंशपरंपरेने येते या माहितीचा आधार घेतला. वेगवेगळ्या ठिकाणी राहणाऱ्या नातलगांच्या शरीरातील आर्सेनिक मोजून त्याचा बुद्धीवर, शारीरिक ताकदीवर, शिक्षणावर आणि कमाईवर काय परिणाम होतो हे त्यांनी तपासले. परिणाम होतो, आणि तो आजारी न दिसणाऱ्या माणसांतही होतो, असे त्यांना आढळले. दवाखान्यात आम्हाला दिसतो तो फक्त हाताला गाठी आलेला रुग्ण. शाळेत मागे पडलेले मूल आणि मजुरीत कमी पडणारा बाप आमच्या केसपेपरवर येत नाहीत.

आपल्यासाठी

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. बंगालसारखा गाळ इथे नाही आणि तसा आर्सेनिकचा प्रश्नही नाही. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातून फ्लोराइड येते. मुलांचे दात डागाळतात, मोठ्यांची हाडे व सांधे आखडतात. मूळ गोष्ट तीच: खडकातले रसायन पाण्यात उतरते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाणी उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक किंवा फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. आणि नवी बोअर घेतली की पाण्याची जंतूंबरोबर रासायनिक तपासणीही करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत ती होते. शेजारच्याचे पाणी चांगले निघाले म्हणून आपले चांगले असेलच असे नाही.

बांगलादेशात काम अजून संपलेले नाही. ह्युमन राइट्स वॉचच्या २०१६ च्या अहवालानुसार तिथे सुमारे दोन कोटी लोक अजूनही सरकारी मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक पीत होते आणि नव्या खोल विहिरी गरजेपेक्षा राजकीय ओळखीवर दिल्या जात असल्याचा आक्षेपही त्यात होता. खोल, तपासलेली विहीर रोजच्या हंड्याच्या अंतरात असणे, हा तिथला खरा उपचार आहे. आर्सेनिकच्या जुन्या विषबाधेवर खात्रीचे औषध आमच्याकडे नाही.

आम्ही रुग्णाला रोज काही ना काही बंद करायला सांगतो: मीठ, तंबाखू, अमुक पाणी. त्याच्या जागी काय घ्यायचे, ते कुठे मिळेल, किती लांबून आणावे लागेल आणि ते घरात कोण आणणार, हे विचारायला ओपीडीत दोन मिनिटे जास्त लागतात. लाल रंगाच्या पंपांचा इतिहास वाचला की ती दोन मिनिटे कशासाठी द्यायची हे समजते.