आधण ठेवायचं कुठे?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचं धरण उभं राहिलं ते १९७० च्या सुमारास. त्याच्या पाण्यावर गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतली धानाची शेती भिजते. जवळच गोठणगाव आहे, गोठणगावाला लागून १९७२ साली वसवलेली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे, आणि पलीकडे नवेगावचं जंगल. या पट्ट्यातल्या एकाच स्वयंपाकघरात सरपणाची चूल, गॅसची शेगडी आणि विजेचा बोर्ड असे तिघे शेजारी शेजारी दिसले, तर त्यात नवल नाही. अशा घरात विजेची केटली येते ती बहुधा आहेरातून, नाहीतर शिकायला शहरात गेलेल्या मुलाच्या खोलीतून सामानाबरोबर परत आलेली. पहिले काही दिवस तिचं कौतुक होतं. मग कोणीतरी तीत दूध-साखर घालून चहा करून बघतं, तो बुडाला लागतो, आणि ‘हिच्यात चहा काही होत नाही’ असा शेरा मिळून केटली फडताळावर जाते. हा शेरा पुण्या-ठाण्यातही ऐकू येतो. तो खरा आहे. पण त्यावरून केटली निरुपयोगी ठरवणं हा मात्र घाईचा निकाल आहे, कारण आपल्या घरात केटलीची जागा चहाच्या गंजाशेजारी नाहीच. ती आधणाशेजारी आहे.

चहा का होत नाही, हे केटली उघडून पाहिलं की कळतं. झाकणाच्या खाली, मुठीच्या बाजूला, आत एक बारीकसं भोक असतं. पाण्याला उकळी फुटली की वाफ त्या वाटेनं मुठीत शिरते आणि तिथे बसवलेल्या दोन धातूंच्या चकतीवर जाऊन आदळते. दोन्ही धातू सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, म्हणून चकती ‘टक्’ करून उलटी वाकते आणि बटण सुटतं. वाफेनं आपोआप बंद होणारी केटली इंग्लंडच्या रसेल हॉब्स कंपनीनं १९५५ साली बाजारात आणली, आणि आज कोणत्याही दुकानातली साधी केटली त्याच युक्तीवर चालते. सारी मदार वाफेवर आहे. म्हणून झाकण उघडं राहिलं की वाफ वरच्या वर निघून जाते आणि केटली खळखळत राहते, बंद होत नाही. दुधाचं तर आणखीच वेगळं. दूध उकळण्याआधीच फसफसतं. तो फेस भोकात शिरून सुकतो आणि वाफेची वाट बुजवतो. बुडाशी तळहाताएवढ्या चकतीतून १५०० वॅटची उष्णता एकदम वर येत असते आणि ढवळायला डाव घालायची सोय नसते. दुधातली प्रथिनं त्या चकतीला चिकटून करपतात, आणि तो वास पुढचे कित्येक दिवस साध्या पाण्यालाही येतो. यात केटलीचा दोष नाही आणि करणाऱ्या बाईचाही नाही. ज्या देशात ती घडली तिथे उकळतं पाणी भांड्यातल्या पत्तीवर ओतायचं आणि दूध वरून घालायचं, अशी रीत होती.

आपल्याकडेही तीच रीत रुजावी यासाठी खटपट कमी झाली नाही. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचाराची सोय झाली. १९३० च्या दशकात टी मार्केट एक्सपान्शन बोर्ड आलं. त्याच्या देशी भाषांतल्या फलकांवर चहा करण्याची ‘योग्य’ कृती असे: ताजं उकळलेलं पाणी, आधी गरम करून घेतलेलं भांडं, मोजून पत्ती, काही मिनिटं झाकण, मग दूध. लोकांनी चहा उचलला आणि कृती बाजूला ठेवली. पत्ती, दूध, साखर, आलं सगळं एकत्र उकळायचं हे आपण ठरवलं. पुढे सीटीसी यंत्रांची दाणेदार पूड स्वस्त झाली. १९३० च्या आसपास आसामात निघालेली ही पद्धत स्वातंत्र्यानंतर देशभर पसरली, आणि ती पूड उकळण्यासाठीच केल्यासारखी होती: थोडीशी टाकली तरी दुधातूनही रंग आणि कडकपणा वर येतो. आता गोठणगावच्या तिबेटी शेजाऱ्यांचा चहा पाहा. त्यांचा परंपरागत चहाही काढाच: विटेसारख्या दाबलेल्या चहाचा तुकडा बराच वेळ उकळायचा, मग मीठ आणि लोणी घालून लाकडी नळकांड्यात घुसळायचा आणि थर्मासात भरून दिवसभर प्यायचा. एकाच जलाशयाच्या काठी दोन समाज, एकाचा चहा गोड आणि दुसऱ्याचा खारट. मात्र केटलीत तयार होणारा चहा दोघांचाही नाही.

मग केटलीनं करायचं काय? चहाचा गंज बाजूला ठेवून घरात दिवसभरात किती वेळा नुसतं पाणी तापतं ते मोजावं. पहाटे म्हाताऱ्या माणसाला गरम पाणी लागतं. बाळंतीण आणि तान्हं मूल असेल तर विचारायलाच नको. पावसाळ्यात प्यायचं पाणी उकळून घ्यावं लागतं. धानाच्या मुलखात दोन वेळा भात, म्हणजे दोन वेळा आधण. वरणात, भाजीच्या रश्श्यात वरून घालायलाही गरमच पाणी हवं. तेलकट भांडी, दुधाचं पातेलं, थर्मास, सगळ्याला तेच. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान बरेचदा गोंदियात नोंदलं जातं, तेव्हा हात धुवायलाही कोमट पाणी लागतं. या पाण्यासाठी वेगळं साधन ठेवणं मराठी घराला नवीन नाही. देशावर आणि कोकणात न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. तो स्वयंपाकाच्या चुलीपासून स्वतंत्र होता, आणि त्यात कोणी आमटी केली नाही म्हणून त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. बंब गेला, तिथे विजेचा रॉड आला. जिथे बंब नव्हता तिथे चुलीवरच्या गुंडातून रॉडवर थेट उडी पडली. केटली या घराण्यातली धाकटी आहे, एवढं ओळखलं की तिच्याकडून नको त्या अपेक्षा राहत नाहीत. चहासाठीही ती अर्धी वाट चालते: पाणी केटलीत उकळून गंजात ओतायचं, त्यात आलं, पूड, साखर, दूध घालून शेवटची उकळी गॅसवर काढायची. चव तीच राहते आणि शेगडीवरचा वेळ बराच वाचतो. भाताचं आधणही असंच ओतून घेता येतं.

चुलीच्या धुरावर आयुष्यभर काम केलेले कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासात किती धूर जातो याची मोजमापं केली होती. त्याच स्मिथनी २०१४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात विजेची बाजू घेऊन एक टिपण लिहिलं. भात शिजवण्याचा कुकर, पाणी तापवण्याचं भांडं अशी एकेका कामाची विजेची उपकरणं चुलीची एकेक कामं काढून घेऊ शकतात, या गोष्टीकडे त्यांनी त्यात लक्ष वेधलं. हा विचार इटियाडोहसारख्या ठिकाणी फार कामाचा आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ५८.६ टक्के कुटुंबं स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी निघाली, ग्रामीण भागात मात्र ४३.२ टक्केच. उज्ज्वला योजना तेव्हा काही वर्षांची झालेली होती. शेगडी घरात आली म्हणून चूल विझत नाही, सिलिंडर पुरवून वापरायचं म्हणून पाणी तापवणं चुलीवरच राहतं. आणि नवेगावचं जंगल १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. अशा रानाच्या कडेला सरपणाची प्रत्येक खेप म्हणजे वेळ आणि धोका दोन्ही.

हिशेब मांडून पाहू. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. केटलीतली उष्णता फारशी वाया जात नाही, म्हणून एका लिटरला साधारण एक दशांश युनिट पडतं आणि वेळ चार मिनिटं. गॅसवर लहान भांड्याच्या बाजूंनी बरीच आच निसटते, तिथे बारा ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. साध्या चुलीवर लाकडातली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला मिळते, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम सरपण. दिवसाला चार लिटर धरलं तर महिन्याला वीसेक किलो: डोक्यावरची एक मोळी. इथे एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. स्वयंपाकासाठी चूल पेटलेलीच असेल, तर वैलावर ठेवलेलं पाणी फुकटच तापतं. त्या वेळी केटली लावण्यात काही अर्थ नाही. ती कामाला येते ती केवळ पाण्यासाठी आग पेटवावी लागते तेव्हा, पहाटे, दुपारी, रात्री मूल रडत उठल्यावर.

वीजबिलाचं काय? १४.२ किलोचं सिलिंडर ९०० रुपयांना धरलं, तर गॅसवरचं एक लिटर पाऊण रुपयाला पडतं. विजेच्या युनिटला सगळे आकार धरून सहा रुपये पडत असतील तर केटलीतलं लिटर साठ पैशांना, दहा पडत असतील तर रुपयाला. फरक नगण्य आहे. दिवसाला चार लिटर म्हणजे महिन्याला बारा युनिटं. ‘शंभरच्या वर गेलं की सगळं बिल महाग होतं’ अशी एक समजूत आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे हे खरं, पण पुढचा दर शंभराच्या वरच्या युनिटांनाच लागतो, आधीच्यांना नाही. उलट्या बाजूनं, पंचेचाळीस दिवस पुरणारं सिलिंडर आठवडाभर जास्त पुरतं. आडगावात सिलिंडर संपल्यावर दुसरं येईपर्यंत चुलीकडे परतावं लागतं, तिथे तो आठवडा पैशाहून मोलाचा आहे.

लाइन जाते, आणि असते तेव्हाही डिम असते, ही तक्रार मला जास्त वजनदार वाटते. केटलीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर १५०० वॅटची केटली जेमतेम ९२० वॅटची उरते आणि चार मिनिटांचं काम साडेसहा मिनिटांवर जातं. म्हणजे डिम लाइनवर ती मंदावते, पण पाणी तापतंच. पंप किंवा फ्रिजची मोटर तशा लाइनवर जळू शकते, तसं हिचं नसतं. लाइन पूर्ण गेली तर उपाय तिबेटी घरांत पूर्वापार आहे तोच: थर्मास. वीज असेल तेव्हा पाणी उकळून भरून ठेवायचं. केटली आणि थर्मास ही जोडी मानली, तर रोज तास-दोन तासांच्या भारनियमनाचा आक्षेप उरत नाही. दोन-दोन दिवस वीज जात असेल तर अर्थात चूल आणि गॅस लागणारच; केटलीनं त्यांना हाकलावं असं कोणी म्हणतही नाही.

पर्यावरणाच्या नावानं केटलीचं गुणगान करणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, आणि महाराष्ट्राची वीज मुख्यतः कोळशाचीच आहे. एक दशांश युनिटामागे आज गॅसवरच्या एका लिटरच्या सुमारे दुप्पट कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. छतावरच्या सौर पॅनेलची वीज दुपारी येते आणि आपल्याला आधण हवं असतं पहाटे, त्यामुळे तिथेही हिशेब आपोआप जुळत नाही. केटलीचा खरा लाभ घरातल्या हवेत आहे. चुलीचा धूर फुंकणीवाल्या बाईच्या तोंडासमोर असतो, गावाबाहेरच्या चिमणीतला तिच्यापासून लांब. तो धूरही कोणाच्या तरी गावावरूनच जातो, हे तिरोड्याच्या आसपास कोणाला सांगावं लागणार नाही. गॅस पुरेसा मिळणाऱ्या घरानं हवामानासाठी केटली घेऊ नये. चूल पेटवावी लागणाऱ्या घरानं स्वतःच्या डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी जरूर घ्यावी.

उरला धोक्याचा प्रश्न, आणि तो यंत्रापेक्षा भिंतीतला जास्त आहे. रॉड बादलीत सोडून पाण्यात बोट घालून बघण्याच्या सवयीनं माणसं गेलेली आहेत. केटलीत विजेचा भाग पाण्याला शिवत नाही, पाणी आटलं तर बुडाखालची दुसरी चकती वीज तोडते, आणि उचलली की ती तारेपासून सुटते. रॉडपेक्षा ती कितीतरी सुरक्षित. पण १५०० वॅट म्हणजे साडेसहा अ‍ॅम्पिअर. दिव्या-पंख्याच्या बोर्डावरचं लहान सॉकेट सहा अ‍ॅम्पिअरचं असतं. तिथे मल्टिप्लग लावून केटली, मिक्सर आणि मोबाइलचा चार्जर एकत्र चालवले की प्लास्टिक पिवळं पडायला लागतं; ते पिवळं दिसलं की वापर थांबवावा. केटलीसाठी सोळा अ‍ॅम्पिअरचं वेगळं सॉकेट, खरोखर जमिनीत गाडलेलं अर्थिंग, आणि ओट्याच्या कडेवरून खाली न लोंबणारी वायर, एवढं करायला वायरमनला अर्धा दिवस पुरतो. केटलीवर आयएसआयचं चिन्ह आहे का ते घेतानाच पाहावं. बोअरच्या जड पाण्यानं बुडाशी पांढरा थर बसतो. लिंबाचा रस किंवा लिंबूफूल घातलेलं पाणी उकळून तासभर ठेवलं की तो सुटतो, तारेच्या घासणीनं खरवडू नये. आणि उकळल्यानं जंतू मरतात, त्यासाठी खळखळून एक उकळी पुरते. फ्लोराइड किंवा नायट्रेट मात्र जात नाही, पाणी आटेल तसं उलट दाट होतं. विदर्भात यवतमाळ-चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतल्या अनेक गावांना फ्लोराइडचा त्रास आहे. तिथे केटली घेण्याआधी पाणी तपासून घ्यावं.