विटेवर थांबलेला देव

30 जून 2020, आषाढ शुद्ध दशमी. कोरोनाच्या साथीमुळे त्या दिवशी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. फुलांनी सजवलेली गाडी आणि आत मोजकी, मास्क लावलेली माणसे. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालायला एरवी अठरा-वीस दिवस लागतात, ती काही तासांत उरकली. प्रस्थान जूनच्या मध्यावरच रीतसर झाले होते, पण पादुका गावातच मुक्कामी राहिल्या. एकादशीच्या शासकीय महापूजेचा मान दरवर्षी दर्शनरांगेतल्या वारकरी दांपत्याला मिळतो. त्या वर्षी रांगच नव्हती, म्हणून तो देवळात वीणा घेऊन उभे राहणाऱ्या एका वीणेकऱ्याला मिळाला.

वारी हा वारकऱ्याचा नेम आहे, हौसेची सहल नव्हे. घरात आजारपण असो की मुलीचे लग्न, त्याचे वर्ष आषाढीभोवती आखलेले असते. असा नेम सक्तीने मोडला, तेव्हा घरोघर एकच वाक्य ऐकू आले: यंदा पांडुरंगाच्या मनात नाही. पुढच्या वर्षीही गाड्याच धावल्या. पायी वारीच्या परवानगीसाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि जुलै 2021मध्ये फेटाळली गेली. ‘माउलींची इच्छा’ म्हणणारा आणि कोर्टाची पायरी चढणारा संप्रदाय एकच, याचे बाहेरच्याला नवल वाटेल. आतल्याला वाटत नाही. पायी सोहळा जून 2022मध्ये पुन्हा निघाला.

लग्न जमत नाही, बदलीची ऑर्डर निघत नाही, घराचा ताबा लांबतो. अशा वेळी मराठी माणूस ‘योग नव्हता’ म्हणतो आणि पुढच्या खटपटीला लागतो. या बोलण्यात हताशपणा असतोच असे नाही. पंढरपूरच्या मूळ कथेतच थांबण्याचा गमतीदार उलटा हिशेब आहे. देव भक्ताच्या दारी आला, तेव्हा पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. हातातले काम टाकून तो उठला नाही. त्याने एक वीट भिरकावली आणि देवालाच तिच्यावर थांबायला सांगितले. अठ्ठावीस युगे झाली म्हणतात, देव अजून कमरेवर हात ठेवून उभाच आहे. ज्याला आपण ‘वेळ कधी आणशील’ म्हणून विचारायला जातो, तो स्वतःच खोळंबलेला.

शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वारीचे दिवस आणि खरिपाच्या पेरणीचे दिवस एकमेकांत अडकलेले असतात. पाऊस वेळेवर आला तर पेरणी उरकून दिंडीत जायचे, नाही आला तर रान तसेच ठेवून निघायचे. 2023मध्ये नेमके तेच झाले. 11 जूनला माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते आणि त्याच दिवशी मॉन्सून रत्नागिरीपर्यंत पोचल्याचे हवामान खात्याने सांगितले. पण अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंगावत होते आणि मॉन्सूनची चाल तिथेच अडली. पालखी पुणे सोडून दिवेघाट चढली, नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरली, तरी आभाळ कोरडेच. मुंबईसह राज्याचा मोठा भाग मॉन्सूनने व्यापला तो 25 जूनच्या सुमारास. एकादशी 29ला होती.

अशा दिवसांत धीर सुटलेला माणूस पहिल्याच सरीवर पेरून मोकळा होतो, मग पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी बजावते. जुनी माणसे त्यासाठी मिलिमीटर मोजत नाहीत. मूठभर माती हातात दाबून वाफसा आला का ते बघतात. थांबायचे, पण तिफण दुरुस्त करून, बियाणे निवडून. पाऊस पडला आणि तिफण मोडकीच निघाली, तर दोष पांडुरंगाचा नाही.

शिवाय संतांचे थांबणे मुकाट्याचे नव्हते. गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्याविना काठावर बसून राहिले, अशी परंपरा सांगते. याला प्रतीक्षा म्हणावे की धरणे? बाळ नामदेवाने नैवेद्य खात नाही म्हणून देवापुढे डोके आपटायची तयारी केली होती. जनाबाई तर विठ्ठलाला घरच्या माणसासारखी फटकारते. ज्याच्यावर भरवसा त्याच्याशीच भांडण, हा इथला रिवाज.

मात्र ‘देवाची वेळ’ हा शब्द सोयीचाही आहे, आणि इथे जपून बोलावे लागते. अस्पृश्य ठरवलेले संत चोखोबा जन्मभर महाद्वाराबाहेरच राहिले. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना अंगावर भिंत कोसळून ते गेले. त्यांच्यानंतर सहाशे वर्षे त्यांच्या लोकांना देवळात पाऊल टाकू दिले नाही. हा उशीर पांडुरंगाचा नव्हता. कड्या आतून घातलेल्या होत्या आणि त्या घालणारे हात माणसांचे होते. साने गुरुजींनी योग येण्याची वाट पाहिली नाही. मंदिरप्रवेशासाठी आधी महाराष्ट्रभर फिरले आणि 1 मे 1947ला पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि त्याच वर्षी दार उघडले.

चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, उघड्या रस्त्याकडेला आहे. तिच्यापुढेच नामदेव पायरी. नामदेवांच्या पायरीवर पाय द्यायचा नाही म्हणून वारकरी ती ओलांडून आत जातात, पण त्याआधी बरेचजण समाधीपाशी थांबतात. मागून रेटा असतो, पोलीस ‘चला, चला’ म्हणत असतात. तरी डोके टेकल्याशिवाय ते हलत नाहीत.