मोहाची दारू आणि मेंदूची वेसण

पोट्टेहो, चैत्रात सेमाडोह गावात पहाट होते ती मोहाच्या वासाने. रात्रभर फुलं टपटपतात. कोरकू आदिवासी बाया टोपल्या घेऊन निघतात, पण कधी कधी त्यांच्याही आधी अस्वल येऊन पोटभर खाऊन गेलेलं असतं. याच गोड फुलांना आंबवून दारू गाळतात. पिणारा आधी बडबडतो, मग झोकांड्या खातो आणि शेवटी सिपना नदीच्या वाटेवरच आडवा होतो. का, ते ऐका.

मेंदूतल्या पेशी म्हणजे उधळायला टपलेले गोऱ्हे. ग्लुटामेट नावाचं रसायन त्यांना हाकतं. आणि मला सगळ्यात मोठं नवल वाटतं ते पुढेच: मेंदू त्याच ग्लुटामेटचा एक तुकडा छाटतो आणि हाकणाऱ्याचाच आवरणारा करतो! याचं नाव गाबा. 1950 मध्ये अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स यांना तो उंदराच्या मेंदूत सापडला. पेशीच्या अंगावर पाच तुकड्यांचं एक दार असतं. गाबा त्याला चिकटला की दार उघडतं, मिठात असतो तोच क्लोराइड आत शिरतो आणि गोऱ्हा जागीच थबकतो. गाबा ही त्याची वेसण.

दारू हीच वेसण आणखी ओढते. डायझेपाम नावाची झोपेची गोळीही ओढते, पण तिची रीत वेगळी. ती स्वतः दार उघडत नाही. गाबा आला की दार पुन्हा पुन्हा उघडेल असं करते. फिनोबार्बिटाल हे जुनं औषध दार जास्त वेळ उघडं ठेवतं. दारूवर झोपेची गोळी घेतली, तर श्वास चालवणारा गोऱ्हाही थांबू शकतो.

वर्षानुवर्षं रोज दारूच वेसण ओढत राहिली, की मेंदू आपली पकड सैल करतो, वर ग्लुटामेटचा जोर वाढवतो. मग एके दिवशी माणूस शपथ घेऊन दारू एकदम सोडतो. हात थरथरतात, घाम फुटतो आणि 6 ते 48 तासांत फीट येऊ शकते. लोक म्हणतात बाहेरचं लागलं, आणि कांदा हुंगवतात. अरे, वेसण सुटलेला गोऱ्हा कांद्याने कसा आवरेल? डॉक्टर डायझेपाम किंवा लोराझेपाम देतात आणि काही दिवसांत हळूहळू कमी करतात. तोवर मेंदू आपली वेसण पुन्हा हाती घेतो.

म्हणून घरातलं रोज पिणारं माणूस सोडतो म्हणालं, तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फीट आलीच, तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि 108 ला फोन लावा.