स्तनातील गाठ काढून घरी आल्यावर काय काळजी घ्याल? टाके सुकले तरी रिपोर्ट आणायला विसरू नका

नळदुर्ग : स्तनातील गाठ सुईने तपासली किंवा लहान ऑपरेशन करून काढली, की बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. नळदुर्गहून सोलापूर किंवा बार्शीला जाऊन आलेली बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढे, धुण्यावर आणि शेतात दिसते. दुखलं तरी लाजेने सांगत नाही. घरच्यांनीच विचारायला हवं.

पहिले काही दिवस
थोडं दुखणं, सूज, निळसर डाग हे होतंच. डाग हळूहळू पिवळा पडून जातो. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे लावावा, थेट कातडीवर नको. नीट बसणारी ब्रा रात्रीही घातली तर ओढ कमी बसते. पुढून उघडणारा ब्लाउज बरा पडतो.

पट्टी कोरडी ठेवावी. अंघोळ कधी करायची, टाके कधी काढायचे हे डॉक्टरांना निघतानाच विचारून घ्यावं. जखमेवर हळद, चुना, पाल्याचा लेप लावू नये. सुईची तपासणी असेल तर दोन-तीन दिवस, ऑपरेशन असेल तर डॉक्टर सांगतील तोवर घागर, गवताचा भारा, सोयाबीनचं पोतं उचलू नये. हात मात्र हळूहळू हलता ठेवावा. अंगावर पाजणाऱ्या आईने आपल्या मनाने पाजणं बंद करू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.

लगेच दवाखान्यात कधी?
ताप, पू, वाढती लाली, झपाट्याने वाढणारी सूज दिसली तर थांबू नये. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरावं. तरीही थांबलं नाही तर १०८ ला फोन करावा.

रिपोर्ट सर्वांत महत्त्वाचा
काढलेला तुकडा तपासणीला जातो. तरुण मुलींच्या बऱ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते रिपोर्टच सांगतो, सुकलेली जखम नाही. कर्करोग शहरातलाच आजार, असंही नाही. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातून १९८७ पासून बार्शीसह धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम तालुक्यांतील कर्करुग्णांची नोंद सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची देशातली ती पहिली नोंदणी.

म्हणून रिपोर्टची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. रिपोर्ट नुसता आणून कपाटात ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. कागद जपून ठेवा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा.