छर्रे संपले की उड्डाण संपलं

गैरसमज: रंगीत पॅराशूटला लटकलेली पेटी वावरात उतरली, म्हणजे हेरगिरीच.
वस्तुस्थिती: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र हैदराबादेत आहे. तिथल्या फुग्यांची उपकरणं वाऱ्यावर दोन-साडेतीनशे किलोमीटर वाहत जाऊ शकतात. म्हणून मराठवाडा-विदर्भातही आधी सूचना निघते: पेटी उघडू नका, पोलिसांना कळवा.

गैरसमज: हे फुगे हेलियमचेच आणि गच्च भरलेले असतात.
वस्तुस्थिती: हैदराबादेत हायड्रोजन भरतात. सुटताना पातळ पॉलिथिनच्या फुग्याचा फक्त शेंडा फुगलेला असतो, बाकीचा लोंबत असतो. 30 किलोमीटरवर हवेचा दाब इथल्या साधारण एक टक्काच. तिथे तो पूर्ण भरतो आणि जास्तीचा वायू खालच्या उघड्या नळ्यांतून निघून जातो.

गैरसमज: वजन टाकायचं ते वर चढायला.
वस्तुस्थिती: बहुतेकदा ते टाकावं लागतं आहे तिथेच टिकायला. सूर्य मावळला की वायू गार होऊन आकसतो, उचल घटते, फुगा खाली येऊ लागतो. मग जमिनीवरून रेडिओने हुकूम जातो, खालची झडप उघडते आणि लोखंडाचे बारीक छर्रे झरू लागतात. सकाळी वायू पुन्हा तापतो; फुगा आता हलका, म्हणून जास्तीचा वायू बाहेर. संध्याकाळी पुन्हा छर्रे. एका रात्रीचा खर्च एकूण वजनाच्या आठ टक्के धरला, तर पाच रात्रींत एक तृतीयांश वजन गेलं! हेलियम असो वा हायड्रोजन, हिशेब हाच. अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. म्हणून 2012-13 मध्ये नासाचा ‘सुपर-टायगर’ 55 दिवस तरंगला. 1999 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या ‘ब्रायटलिंग ऑर्बिटर 3’ने वेगळी युक्ती केली: हेलियमच्या जोडीला प्रोपेनची शेगडी. रात्री वजन टाकण्याऐवजी ऊब द्यायची. मला ही युक्ती फार आवडते, पण तिथेही इंधन संपतंच.

गैरसमज: फुगा हवा तिकडे वळवता येतो.
वस्तुस्थिती: हातात फक्त वर-खाली. वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगळ्या दिशेने वाहतात, त्यातला सोयीचा गाठायचा. पण खाली यायला वरची झडप उघडून वायू सोडावा लागतो आणि परत चढायला छर्रे. दोन्ही परत मिळत नाहीत.

एवढा खटाटोप उंचीसाठी का, ते खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या सहभागातल्या प्रयोगात दिसतं. एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून सुटलेल्या फुग्याने 459 किलोचं उपकरण नेऊन 20 ते 41 किलोमीटरच्या थरांतली हवा गोळा केली. नमुना कुठल्या थरातला, हे ठाऊक नसतं तर त्यात मिळालेल्या जिवाणूंच्या तीन नव्या प्रजातींचं मोल उरलं नसतं.