शेवटच्या दिवसांची सेवा : केंद्र चांगले आहे, हे कसे पारखावे?



आपल्या मंडळ्यांमध्ये गेले की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला घरच्या माणसासाठी असतो. "सिस्टर, डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. बाबांना कुठे ठेवू?" दुसरा देणगीसंबंधी असतो. "अमुक ठिकाणी असाध्य रोग्यांची सेवा चालते म्हणे. तिथे पैसे पाठवावेत का?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. ते केंद्र खरोखर चांगले आहे का?

यंदा हा प्रश्न आपल्या संस्थेपुढेही आहे. सातपुड्याच्या पाड्यांवरचे असाध्य आजाराचे रोगी कोणत्या केंद्राकडे सोपवावेत आणि तुम्ही दिलेला निधी कोणाला द्यावा, हे समितीला पुढच्या बैठकीत ठरवायचे आहे. त्यासाठी मी दोन केंद्रे पाहून आले. परिचारिका म्हणून अनेक वर्षे गृहभेटी देताना जे शिकले आणि या दोन ठिकाणी जे विचारले, ते इथे मांडते. उद्या तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल.

हॉस्पिस म्हणजे नेमके काय?

पूर्वी युरोपात यात्रेकरूंच्या उतारशाळेला हॉस्पिस म्हणत. आजच्या अर्थाने हे काम उभे केले ते डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, आणि नंतर डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. रोग्याची वेदना चार बाजूंनी येते, असे त्यांचे सांगणे होते : शरीराची, मनाची, घरादाराच्या काळजीची आणि आत्म्याची. चारही बाजूंकडे पाहिले तरच माणसाला आराम पडतो.

आपल्या देशात 1986 मध्ये मुंबईला वांद्र्यात शांती आवेदना सदन सुरू झाले. ते भारतातले पहिले हॉस्पिस मानले जाते. 1993 मध्ये केरळात कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. रोग्याला खाटेपाशी आणण्याऐवजी सेवाच त्याच्या घरी न्यायची. पुढे गावोगावचे स्वयंसेवक या कामात उतरले, आणि 2008 मध्ये केरळ सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण केले. 2012 पासून केंद्र सरकारचाही पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे.

ही सेवा फक्त कॅन्सरसाठी नसते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, मूत्रपिंड निकामी झालेले, क्षयरोगाने फुप्फुसे खराब झालेले, आपल्या भागात तर सिकलसेलच्या कळांनी तळमळणारेही तिचे हक्कदार आहेत. आणि ती अगदी शेवटच्या आठवड्यातच द्यायची असेही नाही. उपचार चालू असतानाही वेदनेवर काम सुरू करता येते, करायलाच हवे.

पहिली कसोटी : तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन आहे का?

तोंडाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पसरला की पॅरासिटामॉलने भागत नाही. अशा वेदनेवरचे मुख्य औषध म्हणजे मॉर्फिनची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि ते महागही नाही. आपल्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्याने अफू पिकते. अफूपासूनच मॉर्फिन बनते. तरीही आपल्या पाड्यांवरची माणसे ते न मिळाल्यामुळे रात्र रात्र कण्हत असतात.

याचे एक कारण कायद्याची भीती. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांची कटकट इतकी होती की दवाखाने या औषधाच्या वाटेलाच जात नसत. 2014 मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता घेतलेली संस्था मॉर्फिन ठेवू शकते. म्हणून केंद्रात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : "मॉर्फिनची मान्यता आहे का? आज गोळ्या शिल्लक आहेत का?" जिथे खरोखर औषध दिले जाते तिथे त्याची नोंदवही असते, आणि ती दाखवायला कोणी संकोच करत नाही.

दुसरे कारण आपल्याच मनातले. "याची सवय लागेल", "हे दिले म्हणजे माणूस लवकर जाईल". वेदनेच्या प्रमाणात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणे क्वचितच घडते, आणि त्याने आयुष्य तुटत नाही. त्रास होतो तो बद्धकोष्ठाचा. म्हणून चांगले केंद्र मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषधही न विसरता देते. तुम्ही भेट द्याल तेव्हा हेही विचारा. उत्तरावरून माहितगार माणूस लगेच कळतो.

साधी मॉर्फिनची गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नसते. ती वेळ धरून, साधारण दर चार तासांनी द्यायची असते. पाड्यावर घड्याळ कुठले? आम्ही पुड्या बांधून देतो : तांबडे फुटताना, गुरे सोडल्यावर, दुपारच्या भाकरीनंतर, गुरे परतताना आणि निजताना. असे समजावून देणारा कर्मचारी केंद्रात आहे का, ते पाहा.

दुसरी कसोटी : रात्री फोन कोण उचलते?

वेदना कार्यालयाच्या वेळा पाळत नाही. श्वास लागणे, रक्तस्राव, भ्रम हे रात्रीही सुरू होऊ शकते. घरचे घाबरतात, जीप ठरवतात, कर्ज काढून दूरच्या रुग्णालयाकडे निघतात, आणि माणूस कधी कधी वाटेतच जातो. मग शव गावी आणायचा खर्च वेगळा. त्यासाठी शेळ्या, बैल विकलेली घरे मी पाहिली आहेत.

म्हणून विचारा : रात्री कोणता नंबर लावायचा? तो कोण उचलतो? अशा वेळी काय द्यायचे, ते औषध आधीच घरात ठेवून देतात का? आणि एकदा घरी पाठवलेल्या रोग्याकडे पुन्हा कोण जाते? चांगल्या शोमरोन्याने जखमीला उतारशाळेत पोचवले आणि पैसे दिले, एवढ्यावर तो थांबला नाही. परत येण्याचे वचन देऊनच तो पुढे गेला. पुढच्या भेटीचा वार सांगणारे केंद्र आणि "काही वाटले तर या" म्हणणारे केंद्र, यांत हाच फरक आहे.

तिसरी कसोटी : घरच्यांना शिकवतात का?

रोग्याजवळ सर्वांत जास्त वेळ असते ती सून, मुलगी किंवा बायको. दर दोन तासांनी कूस कशी बदलावी, जुन्या लुगड्यांच्या घड्या कुठे ठेवाव्या, तोंड कसे स्वच्छ करावे, जखमेला दुर्गंधी येत असेल तर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पूड कशी लावावी, हे तिला कोणीतरी हात धरून शिकवायला हवे. दुर्गंधीमुळे रोग्याला ओट्यावर किंवा गोठ्याशेजारी वेगळे ठेवलेले मी पाहिले आहे. घरचे दुष्ट असतात म्हणून नव्हे, त्यांना उपाय ठाऊक नसतो म्हणून. वास गेला की नातवंडे पुन्हा आजीच्या खाटेपाशी येतात. हेही औषधच आहे.

केंद्रात खाटांना पाठीची जखम झालेले रोगी किती आहेत, ते विचारा. आल्यापासूनची जखम असू शकते. पण तिथे आल्यावर झालेल्या जखमा जास्त असतील तर काळजीचे कारण आहे.

चौथी कसोटी : कोणाच्या भाषेत आणि कोणाच्या मनाप्रमाणे?

पावरा किंवा भिल आजीला "शून्य ते दहामध्ये किती दुखते?" असे मराठीत विचारले तर ती नुसती मान हलवते. बोटांवर दाखवायला सांगितले, किंवा "सोळा आण्यांपैकी किती आणे?" असे तिच्या भाषेत विचारले की ती बरोबर सांगते. वेदना मोजलीच नाही तर औषधाचा डोस ठरणार कसा? म्हणून तिथे रोग्याची भाषा बोलणारे कोणी आहे का, हा वरवरचा प्रश्न नाही.

आजाराची खरी स्थिती रोग्याला त्याला झेपेल तेवढी आणि त्याला हवी तेवढी सांगतात का? शेवटचे दिवस कुठे काढायचे, हे त्याला विचारतात का? आमचे बहुतेक रोगी एकच उत्तर देतात : आपल्या घरी, आपल्या शेताच्या बांधावरून दिसणाऱ्या डोंगराकडे तोंड करून.

आणि एक गोष्ट आपण मंडळीतल्या लोकांनी आवर्जून पाहावी. रोग्याने मागितली तर प्रार्थना जरूर व्हावी. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. त्याने न मागता त्याच्यावर कोणाचाही विधी लादला जाऊ नये, आपलाही नाही. घरच्यांना त्यांच्या रीतीने निरोप द्यायचा असेल तर चांगले केंद्र त्यांना जागा करून देते.

पाचवी कसोटी : पैशाचा हिशेब

"सेवा मोफत आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. औषध, जेवण, सोबतच्या माणसाची राहण्याची सोय, शव घरी नेण्याची गाडी, यांतले काय मोफत आणि काय नाही, ते स्पष्ट विचारा. देणगी देणाऱ्याने तपासलेला हिशेब मागावा. इमारतीवर किती खर्च झाला आणि औषधे, परिचारिका व गृहभेटींवर किती, हे त्यात दिसले पाहिजे.

मी पाहिलेली दोन केंद्रे

पहिले केंद्र दिसायला देखणे. वीस खाटा, बाग, स्वच्छ फरशी, सुंदर प्रार्थनागृह. पण मॉर्फिनची मान्यता नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. नातेवाइकांना दुपारी चार ते सहा एवढीच परवानगी. धडगावकडून निघालेल्या माणसाने चार ते सहा गाठायचे कसे? कर्मचारी मायाळू होते, यात शंका नाही. पण एका खाटेवरची बाई उशी चावत पडली होती, आणि तिला देण्यासारखे त्यांच्या कपाटात काही नव्हते.

दुसरे केंद्र भाड्याच्या घरात, सहा खाटांचे. भिंतींचे पोपडे निघालेले. पण मॉर्फिनच्या नोंदवहीत रोजच्या नोंदी आणि दोघांच्या सह्या होत्या. प्रत्येक रोग्याच्या कागदावर वेदनेचे आकडे लिहिलेले होते. रात्रीचा फोन पाळीपाळीने परिचारिकांकडे असतो. सोबतीला नातेवाईक राहू शकतो आणि त्यालाच कामे शिकवतात. उणिवाही आहेत : पावरी बोलणारे कोणी नाही, आणि गृहभेटी तीस किलोमीटरच्या पुढे होत नाहीत.

मी समितीला दुसऱ्या केंद्राची शिफारस केली आहे, पण दोन अटींवर. आपल्या दोन आरोग्यसेविकांना त्यांनी प्रशिक्षण द्यावे, म्हणजे भाषेची आणि अंतराची अडचण दूर होईल. आणि दर तिमाहीला किती रोग्यांची वेदना किती दिवसांत आटोक्यात आली, हे त्यांनी आपल्याला लिहून कळवावे. निर्णय समितीचा आहे.

भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या

1. तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन आज उपलब्ध आहे का?
2. वेदना रोज मोजून लिहितात का?
3. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री फोन कोण उचलते?
4. घरी भेट देतात का, किती अंतरापर्यंत?
5. नातेवाइकाला सोबत राहता येते का? त्याला काय शिकवतात?
6. रोग्याची भाषा कोणाला येते?
7. रोग्याची इच्छा आणि श्रद्धा कशी जपतात?
8. कशाचे पैसे पडतात?
9. माणूस गेल्यावर घरच्यांकडे पुन्हा कोणी जाते का?

सगळ्या प्रश्नांना "होय" म्हणणारे केंद्र आपल्या भागात सापडणे कठीण आहे. पण पहिल्या तीन प्रश्नांवर तडजोड करू नका. बाकीच्या उणिवा माणसे आणि पैसा मिळाला की भरून काढता येतात, आणि तुमची देणगी तिथेच उपयोगी पडते.

जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातही पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा. आशाताईंनाही विचारा. आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यायच्या सेवांमध्ये ही सेवा धरलेली आहे. लोकांनी मागणी केली तर ती लवकर सुरू होईल.

ज्या दोन आरोग्यसेविका प्रशिक्षणाला जायला तयार झाल्या आहेत, त्या दोघींचीही घरी लहान मुले आहेत. त्यांच्यासाठी, समितीच्या निर्णयासाठी आणि आज रात्री डोंगरातल्या झोपड्यांत जागणाऱ्या रोग्यांसाठी प्रार्थना करावी, ही विनंती.